तीन देश नकोत, एक नामिबिया पुरे

प्रश्न: आम्ही नाशिकचे. मी आणि नवरा दोघंही गाडी चालवतो, मुलगी दहा वर्षांची, सासूबाई ६८ च्या. दिवाळीच्या सुट्टीला जोडून पंधरा दिवस काढून स्वतः गाडी चालवत आफ्रिकेत सफारी करायची आहे. नामिबियात विंडहुकला उतरून छपरावर दोन तंबू असलेली हायलक्स (टोयोटाची पिकअप) घ्यायची, सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या, इटोशा नॅशनल पार्क, तिथून कॅप्रिव्हीच्या पट्ट्यातून बोत्स्वानात चोबे, पलीकडे झिंबाब्वेत व्हिक्टोरिया फॉल्स आणि परतताना मोरेमी असा बेत आहे. अंतर चार हजार किलोमीटरच्या वर जातंय. ताडोबा आणि कान्हा पाहिलंय, पण तिथे जिप्सी आणि गाईड दोन्ही होते. हे जमेल का? आणि रस्त्यात गाडीला काही झालं तर?

उत्तर: बेत चांगला आहे, फक्त तो पंचवीस दिवसांचा आहे. पंधरातला पहिला आणि शेवटचा दिवस विमानात जाईल, हातात बारा रात्री उरतील. त्यात चार हजार किलोमीटर म्हणजे रोज साडेतीनशे, आणि त्यातला मोठा भाग खडीचा किंवा वाळूचा. नकाशावरचं ॲप जो वेळ दाखवतं त्याच्या सव्वा ते दीडपट धरा, तो खरा वेळ. शिवाय अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायलाच हवं. म्हणजे प्राणी पाहायची सकाळ-संध्याकाळ तुम्ही रस्त्यावर घालवणार, आणि जनावरं सावलीत झोपलेली असतात त्या दुपारी पार्कात शिरणार.

त्यामुळे बोत्स्वाना आणि झिंबाब्वे या वेळी काढून टाका. प्रत्येक सरहद्दीवर गाडीसाठी भाड्याच्या कंपनीचं परवानगीपत्र, वेगळे शुल्क आणि तुमचे वेगळे व्हिसा लागतात, पण ते निदान पैशानं सुटतं. खरी अडचण मोरेमी आणि चोबेतल्या सावुतीची आहे. तिथे खोल वाळू आहे, कँपला कुंपण नाही, हत्ती आणि तरस तंबूंमधून फिरतात. गाडी रुतली तर मागून दुसरी गाडी कधी येईल ते सांगता येत नाही. पहिल्याच खेपेला, सोबत लहान मूल आणि ६८ वर्षांच्या बाई असताना तिथे जाऊ नका.

आमच्या मते बारा रात्री अशा वाटाव्यात: विंडहुक १, सेस्रिएम (सोसुसव्लेईचं प्रवेशद्वार) २, समुद्रकाठचं स्वाकोपमुंड २, ट्वाइफलफॉन्टेन १, इटोशातल्या कँपांपैकी ओकाउकुएजो ३ आणि नामुतोनी २, शेवटची विंडहुक १. एकूण साधारण अडीच-पावणेतीन हजार किलोमीटर होतात. नामुतोनी ते विंडहुक हा शेवटचा पल्ला सव्वापाचशे किलोमीटरच्या पुढे जातो, पण त्सुमेब आणि ओत्जिवारोंगोवरून सगळं डांबर आहे. सूर्योदयाला निघालात तर उजेडात आरामात पोचाल. बाकी एकही दिवस साडेतीनशेच्या फार पुढे जात नाही.

आता तंबू. फोटोत छान दिसतात, तुमच्यासाठी मात्र चुकीचे. एक तर रात्री दोनदा उठणाऱ्या सासूबाईंना अंधारात शिडी उतरायला लावणार का? दुसरं कारण कमी जणांच्या लक्षात येतं. तंबू छपरावर असला की गाडी हेच घर होतं. पहाटे फाटक उघडताच निघायचं तर आधी दोन्ही तंबू आवरा, गाद्या दाबा, पट्टे ओढा, यात अर्धा तास जातो. सिंह रस्त्यावर दिसण्याची वेळ नेमकी तीच. वर दीडशे किलोचा बोजा छपरावर असला की खडीवर गाडी लवकर कलंडते. डबल-कॅब हायलक्सच घ्या, पण मागे बंद टप असलेली, बिनतंबूची. इटोशाच्या कँपांत साध्या पण नीट खोल्या आहेत.

बुकिंगचा क्रम उलटा करू नका. बहुतेक जण आधी विमानाची तिकिटं काढतात आणि मग इटोशात खोली नाही म्हणून पार्काबाहेर साठ किलोमीटरवर राहतात. आधी ओकाउकुएजो आणि नामुतोनी (दोन्ही सरकारी, नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्सचे), मग सेस्रिएम, मग गाडी आणि शेवटी विमान. ओकाउकुएजोला पाणवठ्यालगतच्या महागड्या शॅलेचा हट्ट नको. पाणवठ्याभोवतीची बाकं सगळ्यांना खुली आहेत, आतल्या खोलीतून दोन-चार मिनिटं चालावं लागतं इतकंच.

तिकीट जोहान्सबर्गमार्गे असेल तर ते एकाच बुकिंगवर, सामान थेट विंडहुकपर्यंत लागेल असं घ्या. दोन वेगळी तिकिटं घेतलीत तर सामान उचलायला बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाताना तिथला थांबा बारा तासांच्या वर गेला तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागतात, आणि ती लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. मुलीचा दोन्ही पालकांची नावं असलेला जन्मदाखला हातातल्या बॅगेत ठेवा.

दोघंही चालवणार असाल तर दोघांची नावं करारात घाला आणि दोघांची आंतरराष्ट्रीय परमिटं आरटीओतून काढा. ती वर्षभर चालतात. मूळ लायसन्सही सोबत लागतं. गाडीच्या अनामतीसाठी मुख्य चालकाच्या नावाचंच क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड सहसा चालत नाही. निघण्यापूर्वी कार्डाचा परदेशी वापर चालू करून घ्या आणि मर्यादा पाहा. काउंटरवर सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात.

विमा घेताना एकच प्रश्न विचारा: समोर दुसरी गाडी नसताना आमची उलटली तर भरपाई मिळते का? बऱ्याच करारांत तो अपघात वगळलेला असतो, आणि नामिबियात पर्यटकांच्या बाबतीत नेमकं तेच घडतं. टायर आणि काचा साध्या विम्यात नसतात, त्यांचं जादा कवच घ्याच. अंधारात चालवताना झालेलं नुकसानही अनेकदा तुमच्याच माथी येतं.

गाडी का उलटते ते समजून घ्या, कारण रस्ता दिसायला सोपा असतो: सरळ, रुंद, रिकामा. वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे तासाभरात आत्मविश्वास येतो आणि काटा शंभरावर जातो. पण खडीवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. वेगात चाकं त्यांच्या माथ्यांवरून उड्या मारत जातात, म्हणजे अर्धा वेळ जमिनीला टेकलेलीच नसतात. एवढ्यात वळण येतं, मागची बाजू सरकते, माणूस घाबरून स्टिअरिंग उलटं ओढतो आणि ब्रेक दाबतो. चाकं एकदम पकड घेतात आणि गाडी कोलांटी खाते. म्हणून खडीवर ८० ही वरची हद्द, वळणावर आणि चढाच्या माथ्यावर ६०. मागचं सरकलं तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, ब्रेक नको, स्टिअरिंग थोडंसंच. समोर जनावर आलं तर सरळ रेषेत ब्रेक मारा, त्याला चुकवायला जाऊ नका. हायलक्सला फोर-हाय (इंजिनची ताकद चारी चाकांना देणारा गिअर) असतं, ते खडीवर लावून ठेवा, मागचं घसरणं बरंच कमी होतं. डांबर लागलं की काढा, नाहीतर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी ओढाताण करतात. समोरून ट्रक आला की वेग कमी करून डावीकडे सरका, उडालेला दगड काच फोडतो. दिवे दिवसाही चालू ठेवा, धुरळ्यात तेवढेच दिसतात.

हवेचं गणित आपल्याहून वेगळं आहे. आपण पंपावर ‘बत्तीस टाक’ म्हणतो, तिथे बारमध्ये बोलतात. एक बार म्हणजे साडेचौदा. डांबरावर २.२ ते २.४ बार, म्हणजे आपले ३२ ते ३५. खडीवर १.८ ते २, म्हणजे २६ ते २९. वाळूत १.२ ते १.४, म्हणजे १७ ते २०. कंपनीनं वेगळा आकडा दिला तर तो पाळा. हवा थोडी कमी असली की टायर दगडावर दबतो, कापला जात नाही. फार कमी ठेवून वेगात गेलात तर टायरची बाजू सतत दुमडत राहते, तापते आणि फाटते. सकाळी टायर गार असताना स्वतःच्या गेजनं चारी बघा. एकात रोज थोडी थोडी कमी होत असेल तर खिळा शोधा.

स्टेपन्या दोन मागा. गाडी ताब्यात घेताना त्यांच्या अंगणातच एक चाक स्वतः काढून बसवा, लाज वाटून घेऊ नका. हायलक्सची एक स्टेपनी मागच्या भागाखाली टांगलेली असते. ती उतरवायला लांब सळई मागच्या बंपरच्या भोकातून घालून फिरवावी लागते. हे भोक पहिल्यांदा भर उन्हात, धुळीत पालथं पडून शोधायची पाळी येऊ नये. क्रम असा: सपाट कडक जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, तिरप्या समोरच्या चाकाला पुढे-मागे दगड. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा. जॅकखाली फळी, नाहीतर तो मातीत जातो आणि गाडी उचललीच जात नाही. नवीन चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे जोडीनं आवळा, गाडी खाली आणून पुन्हा आवळा, आणि पन्नास किलोमीटरवर थांबून परत एकदा पाना लावा. खडीच्या हादऱ्यानं ते सैल होतात. एक पंक्चर झालं की पहिल्या गावात काढून घ्या, दुसऱ्याची वाट पाहू नका.

डिझेल अर्ध्यावर आलं की भरायचं. टाकी ८० लिटरची, सरासरी शंभर किलोमीटरला ११-१२ लिटर. हिशोबानं साडेसहाशे किलोमीटर जायला हवं, पण वाळू आणि एसी ते कमी करतात. सेस्रिएम, सॉलिटेअर, वाल्विस बे, स्वाकोपमुंड, उइस, खोरिक्सास आणि औत्यो इथे पंप आहेत. इटोशाच्या कँपांतही आहेत, पण तिथला साठा संपू शकतो, म्हणून औत्योला टाकी काठोकाठ भरूनच आत शिरा. थोडी रोकड जवळ ठेवा. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत सारखी आहे आणि रँड नामिबियात चालतो. उलटं चालत नाही, त्यामुळे उरलेले नामिबियन डॉलर निघण्याआधी खर्च करा.

पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर, म्हणजे गाडीत वीस लिटर कायम. किराणा विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या मोठ्या दुकानांत भरा, मधल्या गावांत शाकाहारी माणसाला बटाटे-कांदे-ब्रेडवर भागवावं लागतं. पोहे, मेतकूट, मसाले, छोटा कुकर घरून न्या. मांस खात असाल तर उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना कच्चं मांस नेऊ देत नाहीत. लाळ्या-खुरकताच्या भीतीनं जनावरांसाठी आखलेली ती सरहद्द आहे. प्लगच्या पिना तीन, जाड आणि गोल, आपल्या गिझर-एसीच्या पॉवर प्लगसारख्या. घरातला तसला एक प्लग मल्टिबोर्डला लावून न्या, काम होतं. सामानाच्या बॅगा जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला, टप कितीही बंद असला तरी धूळ शिरते.

सेस्रिएमला पार्काच्या फाटकाच्या आत राहिलात तर सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेर राहणाऱ्यांना सूर्योदयापर्यंत थांबावं लागतं. तिथून साठ किलोमीटर डांबर आहे, शेवटचे पाच किलोमीटर वाळू. त्या पाचात रोज कोणी ना कोणी रुततं. डांबर संपतं तिथे गाडी लावून शटलनं पुढे जा, असं आम्ही तुम्हाला सुचवू. स्वतःच न्यायची हौस असेल तर हवा १.२ वर आणा, फोर-हाय लावा, एकाच गतीनं चालत राहा, मध्ये थांबू नका. चाक जागेवर फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर लगेच सोडा, जितकं फिरवाल तितकं खाली जाल. चाकापुढची वाळू हातानं काढा आणि आपल्याच चाकोरीतून मागे या. परत डांबरावर येताच कॉम्प्रेसरनं हवा भरा. वाळूचा रस्ता संपतो तिथून डेडव्लेई, म्हणजे वाळलेल्या झाडांचा पांढरा तळ, किलोमीटरभर वाळूत चालत आहे. दहानंतर ते ऊन सासूबाईंना नको, त्यांना ड्यून ४५ या रस्त्यालगतच्या वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी सकाळ छान जाईल.

स्वाकोपमुंडला दोन रात्री कशाला, असं वाटेल. कारण कपडे धुणं, टायर पाहणं, किराणा आणि पाठीला आराम. समोर समुद्रात थंड बेंग्वेला प्रवाह आहे, त्यामुळे वाळवंटात ३५ अंशांतून येऊन इथे धुक्यात स्वेटर घालावा लागतो. स्वेटर बॅगेच्या तळाशी टाकू नका. ट्वाइफलफॉन्टेनला हजारो वर्षांपूर्वी दगडांवर कोरलेली जनावरं आहेत, २००७ पासून जागतिक वारसा. ती सकाळी लवकर बघून इटोशाकडे निघा.

आणि इटोशा. ताडोबाची सवय इथे आडवी येईल. तिथे जिप्सीवाला कॉल ऐकून धावतो, तुम्ही मागे घट्ट धरून बसता. इथे धावायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटाला पावसाचं पाणी कुठेच उरलेलं नसतं, त्यामुळे सगळी जनावरं ठरलेल्या पाणवठ्यांवर येतात. एक पाणवठा निवडा, सूर्य पाठीमागे राहील अशी गाडी लावा, इंजिन बंद करा आणि किमान पाऊण तास बसा. पहिली दहा मिनिटं नुसते स्प्रिंगबॉक (तिथली हरणं) दिसतील. मग ते एकदम मान वर करून एकाच दिशेला बघू लागतील. तुम्हीही तिकडेच बघा. ओकाउकुएजोकडून नेब्राउनी आणि गेम्सबॉकव्लाक्ते, मधल्या भागात साल्व्हाडोरा, रिटफॉन्टेन आणि गोआस, नामुतोनीकडे चुदोप आणि क्लाइन नामुतोनी ही ठिकाणं धरा. ओकाउकुएजो ते नामुतोनी १४० किलोमीटर, वेगमर्यादा ६०. या पल्ल्याला अख्खा दिवस द्या, जेवायला मध्ये हलालीला थांबा. दिवाळी नोव्हेंबरात गेली असेल त्या वर्षी एक धोका असतो: पहिला मोठा पाऊस पडला की डबकी भरतात आणि जनावरं पांगतात.

दिवस असा ठेवा: सूर्योदयाला फाटक उघडताच बाहेर, साडेदहा-अकराला परत. दुपारी खोली, मुलीला पोहण्याचा तलाव. चारला पुन्हा बाहेर आणि सूर्यास्ताआधी आत, उशीर झाला तर दंड. जेवून ओकाउकुएजोच्या पाणवठ्यावर बसा. तिथे रात्रभर दिवे असतात आणि काळे गेंडे येतात. सासूबाईंची सफारी खरी इथेच होईल, शाल घेऊन, बाकावर. इटोशात पाणघोडा नाही आणि रानरेडाही नाही, त्यामुळे ‘बिग फाइव्ह’ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) यादी घरीच ठेवा.

गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून धडही बाहेर काढायचं नाही. मधल्या कुंपण घातलेल्या स्वच्छतागृहांपाशीच पाय मोकळे करता येतात, आणि ती दूर दूर आहेत. सकाळचा दुसरा चहा परत आल्यावर.

हत्तीशी मात्र सांभाळून. रस्ता त्याचा असतो. लांबून दिसला तर थांबा, त्याला ओलांडू द्या, कळपातली शेवटची पिल्लं मागे असतात हे धरून चाला. आई आणि पिल्लू यांच्या मधे गाडी कधीही घालू नका. तो कान पसरून मान झटकत असेल, सोंडेनं माती उडवत असेल तर तो तुम्हाला जायला सांगतोय. डोळ्यामागून गालावर ओला काळा ओघळ दिसणारा एकटा नर माजावर असू शकतो, त्याच्यापासून शंभर मीटर तरी लांब. हॉर्न वाजवू नका, हळूच मागे घ्या. म्हणून उभं राहतानाच मागे यायची वाट मोकळी ठेवा, दोन गाड्यांच्या मधे अडकू नका.

गाडी बंद पडली तर, हा तुमचा शेवटचा प्रश्न. गाडी सोडून चालत निघू नका, पार्कात तर नाहीच. बाहेर रस्त्यावर बॉनेट उघडं ठेवा, सावलीच्या बाजूला बसा, येणारी पहिली गाडी थांबते, तिथे तशी रीतच आहे. मोबाईलला बऱ्याच पट्ट्यात रेंज नसते, म्हणून नकाशा ऑफलाईन उतरवून ठेवा, आणि कंपनीचा मदतीचा नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. सासूबाईंच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत न्या. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. उत्तर नामिबियात पावसाबरोबर धोका वाढतो, आणि त्यांच्या चालू औषधांशी कुठल्या गोळ्या जुळतात ते तेच सांगतील.

आणि दुर्बीण. चौघांत एक नेऊ नका, ती कायम मुलीच्या गळ्यात राहील. ८ बाय ४२ च्या दोन न्या.